तीन ठोके, मग दोन

आमच्या गल्लीत सगळ्या बाया ओट्यावरून हाका मारतात. कोथिंबीर हवी असली तरी हाक, गिरणीत लाइट आहे का हे विचारायचं असलं तरी हाक. निर्मलाबाई तेवढ्या हाक मारत नाहीत. त्या चपला घालून तुमच्यापर्यंत येतात, दंडाला हात लावतात आणि मगच बोलतात. नव्या सुनांना वाटतं, यांचा आवाज बसला असेल.

आवाज काही बसलेला नाही. त्यांची हाक दोन शेतं ओलांडून जायची. त्यांचे मालक नवलभाऊ चारचौघांत म्हणायचे, "मन्ही बायकोले मोबाइलनी गरजच नही." ती हाक त्यांनी चार वर्षांपूर्वी बंद केली. नात दीड वर्षाची झाली आणि हाकेला वळून बघेना, तेव्हा.

आमचं गाव खानदेशातलं, शहाद्याहून कळसाडीच्या बाजूला. ऊस, कापूस, थोडी केळी. त्यांच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. त्यांचं माहेर धानोऱ्याचं, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्याइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही, आणि त्यांच्याइतकी कष्टाचीही नाही. दाराची कडी तीनदा बघतील, गॅसचं बटण परत जाऊन बघतील. मुलगा ललित मोटारसायकलवर नंदुरबारला नोकरीला जातो. तो पोचल्याचा फोन येईपर्यंत या चहा घेत नाहीत. सून ममता शहाद्याला शाळेत शिकवते, सकाळी सातला निघते. म्हणून चारू, म्हणजे चारुलता, पहिल्यापासून आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली.

चारू जेवायला फार त्रास द्यायची. तोंडातला घास तसाच धरून ठेवायची. एक दिवस निर्मलाबाईंनी तिच्यासमोर मोबाइल ठेवला, त्यावर कार्टून लावलं, आणि पोरीनं वाटीभर खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोज तेच. आपण सगळ्याच करतो, माझ्याही नातवंडांना दिलाच होता की मोबाइल. पण चारू दोन वर्षांची झाली तरी "आई" म्हणेना. निर्मलाबाई तिच्या पाठीमागे उभं राहून ताट आपटायच्या, तर ती वळायची. पलीकडच्या खोलीत कार्टूनचं गाणं लागलं की धावत जायची. पण "चारू" म्हटलं की काहीच नाही. जणू ते नाव दुसऱ्याच कुणाचं असावं.

"कान चांगला शेतस," निर्मलाबाई मला म्हणाल्या. "मंग मन्हा आवाजच तेवढा काबर ऐकू येत नही तिले?"

मी म्हटलं, देवी बघेल. त्या म्हणाल्या, देवीनं मोबाइल दिला नव्हता, मी दिला.

नंदुरबारला एक बाई डॉक्टर आहेत, न बोलणाऱ्या मुलांना बघतात. ललित आणि ममतानं चारूला तिकडे नेलं, आजी बरोबर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तासभर पोरीला खेळवलं. मग म्हणाल्या, "याचं एकच एक कारण नसतं. आजी, तुमच्यामुळे झालं असं मनात धरू नका. पण मोबाइल बंद. कार्टून दाखवायचं तर टीव्हीवर, दिवसातून अर्धा तास, आणि तुम्ही शेजारी बसायचं. तिला जे दिसतंय ते तुम्ही तुमच्या भाषेत बोलत राहायचं. आणि कार्टून सावकाश चालणारं हवं. आदळआपट नको, फार बडबड नको."

आता असलं सावकाश चालणारं कार्टून कुठून आणायचं? आमच्याकडे डिश बसवणारा अजित आहे, मोबाइलही दुरुस्त करतो. त्याला निर्मलाबाईंनी सांगितलं. त्या पोरानं आठ दिवस खपून एका पेनड्राइव्हमध्ये जगभरातल्या कार्टून मालिका भरून आणल्या. जपान, कोरिया, फ्रान्स, केनिया, कुठल्या कुठल्या. बहुतेकांत बोलणं नाहीच, असलं तर आपल्याला कळत नाही अशा भाषेत.

त्या दिवसापासून निर्मलाबाई रोज संध्याकाळी चार वाजता चारूला मांडीजवळ घेऊन टीव्हीपुढे बसायला लागल्या. मीही बऱ्याचदा जायची. जपानच्या मालिकेत एक कोल्हा होता, लहानशा रेल्वे स्टेशनवर काम करणारा. रोज कुणीतरी छत्री विसरायचं आणि हा ती ज्याची त्याला पोचवायचा. फ्रान्सचं एक जाडं बदक पाव भाजायचं. केनियाच्या मालिकेतल्या शेळ्या थेट आमच्या गल्लीतल्या रमिलाबाईच्या शेळ्यांसारख्या, म्हणून त्या निर्मलाबाईंना फार आवडायच्या. निर्मलाबाई सगळं आमच्या अहिराणी बोलीत सांगत राहायच्या. "देख, कोल्हा उठना. कोल्हानी छत्री लिधी. आते तो चालना." चारू टीव्हीकडे बघायची. आजीकडे कधीच नाही.

त्यांनी एक वही केली होती. डॉक्टरीणबाईंना दाखवायला. कुठली मालिका, कुठला देश, काय घडलं, चारू कुठे हसली, कुठे टाळी वाजवली. अक्षर शाळेतलं, गोल गोल. देश कळला नाही की अजितला विचारायच्या.

"आजी, हाई चेक देशनं शे. पहिले चेकोस्लोव्हाकिया म्हनेत."

"ते कोठे उनं?"

"रशियानी बाजूले."

त्यांनी वहीत लिहिलं, "रशियाच्या बाजूचं. अस्वल."

हे अस्वलच पुढे सगळ्यांत महत्त्वाचं ठरलं, म्हणून त्याची गोष्ट सांगते. कापडाचं अस्वल, चिंध्या भरून केलेलं. त्याच्याकडे एक लाकडाची बाहुली. एका भागात ती बाहुली नदीत पडते आणि वाहून जायला लागते. अस्वल पाण्यात उडी मारत नाही, रडतही नाही. ते काठाकाठानं पुढे पळत जातं, पाणचक्कीपाशी. नदीतून वाहत आलेलं सगळं तिथल्या खांबांना अडकतं हे त्याला माहीत असतं. तिथे ते पाय सोडून बसतं आणि वाट बघतं. बाहुली येते, अस्वल तिला उचलतं. मग त्याची आजी घरात पातेल्यावर लाकडी चमचा वाजवते. तीन ठोके, थोडं थांबून दोन ठोके. ते ऐकलं की अस्वल घरी जेवायला येतं. प्रत्येक भागाचा शेवट तोच.

हा बाहुलीचा भाग चारूनं किती वेळा बघितला असेल, वहीत मोजदाद आहे. निर्मलाबाई दर वेळी तेच सांगायच्या, "अस्वल्याले म्हाईत शे, बाहुली कोठे अटकी."

एक दिवस जेवणाच्या वेळी पोरगी परसात होती. नुसतं करून बघायचं म्हणून निर्मलाबाईंनी ताटावर पळी वाजवली. तीन, मग दोन. चारू चुलीजवळ येऊन उभी राहिली. त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, माझा दंड धरला. डोळे भरले होते, पण त्यात आनंदापेक्षा भीतीच जास्त होती. म्हणाल्या, "ताट वाजाडनं तं येस. पन मी नसनू, ताट नसनं, तं? कोठे हरायनी तं लोके काय कराव? नाव लिसन हाका मारतीन ना."

पोर हरवेल ही भीती मला तेव्हा उगाच वाटली. सरळ रस्त्यावरही खड्डा शोधायची सवय त्यांना.

गल्लीत बोलणाऱ्या होत्याच. रेवाबाई समोरच्या ओट्यावरून विचारायची, "काय व निर्मलाबाई, तुन्ही नात आज कोणता देशमा शे?"

निर्मलाबाई जाऊन तिच्याजवळ उभ्या राहायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "जपानमा. तुन्हाकरता छत्री लई येस."

रेवाबाई हसायची. वाईट बाई नाही ती. पण पाठीमागे एकदा म्हणाली, ती पोर आईबापाची नाही, टीव्हीची आहे. ते ममतानं ऐकलं आणि त्या रात्री जेवली नाही.

मागच्या श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, कानबाई आमची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, कुंकू लावून देवीचा मुखवटा करतात, साडी नेसवतात, चौरंगावर बसवतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. बाया रस्ताभर गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, आणि नदीवर पोचलं की रडतात. सासरी निघालेल्या लेकीसाठी रडावं तसं. पण निर्मलाबाईंच्या घराण्यात नारळ सोडत नाहीत. नदीत तीनदा बुडवतात, टोपलीत घालतात, वरून साडीचा पदर झाकतात आणि मागच्या वाटेनं गुपचूप घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतात. तोच नारळ त्यांच्या सासूच्याही सासूपासूनचा. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, तरी आम्ही रडतो. रडायचंच असतं.

चारू रविवारभर कानबाईपुढून हलली नाही. त्या गोल चेहऱ्याकडे, नथीकडे बघत बसली. एकदा हात लावला. निर्मलाबाईंनी वहीत तेही लिहिलं. देश कुठला लिहावा हा प्रश्न पडला, मग लिहिलं, "आपलं."

सोमवारी सकाळी निघालो. निर्मलाबाईंच्या डोक्यावर कानबाई, ममताच्या हातात आरतीचं ताट. चारूचा हात माझ्या हातात दिला होता. देताना निर्मलाबाई म्हणाल्या, "हात सोडू नको, बहिन." नदीला दोन दिवसांच्या पावसाचं पाणी होतं, गढूळ, काठाला लागून वाहणारं. काठावर आरती झाली. बाया गायला लागल्या, कानबाई माय चालनी, कानबाई माय चालनी. निर्मलाबाई कमरेइतक्या पाण्यात उतरल्या, दोन्ही बाजूंनी जावांनी धरलेलं. मी चारूला पुढे केलं आणि म्हटलं, "पाया पड बेटा, कानबाई पानीमा चालनी." तिनं हात जोडले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पदरानं डोळे पुसायला मी हात सोडला. मग कुणीतरी मला फुगडीत ओढलं. दोन फेऱ्या झाल्या असतील, फार तर तीन.

टोपली झाकून बाया परत फिरल्या तेव्हा ममतानं सासूला विचारलं, "आत्या, चारू तुमनाजोडे शे ना?"

निर्मलाबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. अजूनही कधी कधी बघते, ताट वाढताना, पूजा करताना, मध्येच.

क्षणात सगळीकडे पांगापांग झाली. नवलभाऊ ओरडले, "इहीर पहा रे, पहिले इहीर पहा." पोरं विहिरीकडे पळाली, काही गावाकडे, काही देवळात. ममता काठावरच्या बाभळींत शिरली. आणि सगळे जण एकच करत होते, चारू, चारू, अशा हाका मारत होते. पंचवीस-तीस माणसं, चारी बाजूंनी तेच नाव. मला ते ऐकवेना. जी पोर आपल्या नावाला वळत नाही तिच्यासाठी ते नाव म्हणजे वारा. पाणी तर असं वाहत होतं की त्यात काही पडलं असतं तरी दिसलं नसतं.

निर्मलाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, टोपली जावेच्या हातात दिलेली. त्या माझ्याजवळ आल्या, दंड धरला. बोटं बर्फासारखी होती.

"तू तिले शेवटलं काय सांगं?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले.

"रागे नही भरत मी. काय सांगं?"

"पाया पड म्हनं. कानबाई पानीमा चालनी म्हनं."

त्यांनी नदीकडे बघितलं. पाणी जिकडे वाहत होतं तिकडे.

"अस्वल," त्या म्हणाल्या.

आणि पळायला लागल्या. काठाकाठानं, पाण्याच्या वाटेनं, साठीची बाई, अनवाणी. मी मागे. तिकडे वळणापलीकडे, अर्ध्या फर्लांगावर बंधारा आहे. ओळीनं दगडी खांब आणि वरून माणूसभर रुंदीची चिंचोळी वाट, कठडा नाही. पावसाळ्यात खांबांमधल्या लोखंडी पाट्या काढून काठावर रचून ठेवतात आणि पाणी मोकळं सोडतात. वाहत आलेल्या फांद्या, लव्हाळी, चपला, सगळं त्या खांबांना येऊन अडकतं. हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. चारूलाही माहीत असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं, इतकंच.

ती तिसऱ्या खांबावर बसली होती. पाण्याकडे पाय सोडून. पिवळा फ्रॉक, त्यावर आरतीच्या वेळचं कुंकू सांडलेलं. खाली वाकून अडकलेल्या काटक्यांत बघत होती, आणि दोन्ही हात पुढे केलेले होते. झेलायला.

मी धावणार होते. निर्मलाबाईंनी मला मागे ओढलं, इतक्या जोरात की माझी बांगडी फुटली. मग मला आठवलं. कुणी धावत आलं की चारूला तो खेळ वाटतो, ती उठते आणि पळते. त्या वाटेवर ती कुठे पळणार होती? आणि हाक मारली तर त्या पाण्याच्या आवाजात ती पोचणार नव्हती, पोचली तरी उपयोग नव्हता.

मी मनात देवीचं नाव घ्यायला लागले. कानबाई माय, मी हात सोडला, माझं काय करायचं ते कर, पोरीला सोड. एवढंच परत परत.

निर्मलाबाईंनी काठावरचा एक धोंडा उचलला. रचलेल्या लोखंडी पाट्यांपाशी गेल्या आणि वरच्या पाटीवर तो आपटला. तीनदा. थांबल्या. दोनदा.

चारू हलली नाही.

परत तीन. परत दोन. ठोके सारखेच पडत होते. मधली थांबायची वेळही त्यांनी चुकवली नाही. लोखंडाचा आवाज पाण्यावरून गेला. पोरीनं मान वर केली. मग ती उठायला लागली, पाण्याकडे तोंड करूनच, दोन्ही तळवे दगडावर टेकवून. एक पाय घसरला. माझे डोळे आपोआप मिटले. कानावर फक्त ठोके येत होते, तीन, दोन, तीन, दोन, आणि मी ठरवलं की हे थांबले तर डोळे उघडायचेच नाहीत.

ते थांबले नाहीत. डोळे उघडले तेव्हा चारू त्या वाटेवरून चालत येत होती. सावकाश, अस्वलासारखी डुलत. दुसऱ्या खांबापाशी ती थांबली आणि परत खाली वाकून बघितलं. निर्मलाबाईंनी तरी हाक मारली नाही, पाऊल पुढे टाकलं नाही. तीन. दोन. पोरगी पुढे निघाली. ती काठाला लागून तिचा हात हातात येईपर्यंत त्यांनी धोंडा सोडला नाही. नंतर तो सोडता येईना, बोटं वळली होती. मी एक एक बोट मोकळं केलं.

चारूनं आजीच्या तोंडाकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. मी ते त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"नही उनी," ती म्हणाली. नाही आली.

जाडसर आवाज, कुणा मोठ्या माणसाचा असावा तसा. पाच वर्षांत आम्ही तो ऐकलाच नव्हता. निर्मलाबाईंना आधी कळलंच नाही की कोण बोललं. मग त्या खालीच बसल्या, चिखलात.

"घर उनी, माय," त्या म्हणाल्या. "कानबाई घर उनी. चाल, दखाडस तुले."

घरी देव्हाऱ्यात नारळ होता, ओला, कुंकू थोडं वाहिलेलं, नथ वाकडी झालेली. चारूनं त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि पोटाशी धरून बसली. कुणी तिला सोड म्हटलं नाही. ममता तिच्या शेजारी बसून होती. ललित आला तोही तिथेच बसला. इतक्या वर्षांत आम्ही तिला सांगितलं होतं की कानबाई जाते. ती त्याच टोपलीतून परत येते, हे सांगायचं कुणाला सुचलंच नाही. आम्हाला माहीत होतं ना, मग तिलाही असेल.

महिनाअखेरीस डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती शब्द बोलली? निर्मलाबाईंनी वही पुढे केली. दोन. त्या भेटीनंतरही आठ दिवस काहीच नाही, मग "दे". मग "अस्वल". आता पंधरा-सोळा झालेत. परवा मी बरोबर गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं चाललंय, घाई करू नका. बरी होईल का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि निर्मलाबाईंनी विचारलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, विचारायची भीती वाटली.

त्यांची भीती कमी झालेली नाही. उलट वाढली आहे. आता कडी पाचदा बघतात. पण त्यांनी एक काम केलं. त्या सोमवारनंतरच्या आठवड्यात त्या गल्लीतल्या घराघरात गेल्या, प्रत्येकीच्या दंडाला हात लावला आणि ते ठोके शिकवले. तीन, थोडं थांबायचं, मग दोन. नवलभाऊंनी विहिरीजवळच्या बाभळीला लोखंडाचा तुकडा तारेनं टांगला. रेवाबाईच्या ओट्यावर जुनं पातेलं आहे. तिला मध्ये थांबायला जमेना, ती सलग पाच वाजवायची. निर्मलाबाईंनी तिच्याकडून दुपारभर तेच करून घेतलं, जमेपर्यंत. पोरगी नजरेआड झाली की आता कुणी नाव घेऊन ओरडत नाही.

बहुतेक वेळा ती रमिलाबाईच्या शेळ्यांतच सापडते. पण तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून दारात येते आणि उजवा हात घट्ट मुठीत धरते. माझ्या दारावरून ती पळत घरी जाताना दिसेपर्यंत मूठ उघडत नाही.